बारीक पोटऱ्यांसाठी आत घेतलेले लाँग बूट: आठ महिन्यांनंतर

गुडघ्यापर्यंतच्या बुटांची मला फार आवड, आणि इतकी वर्षं त्यांनी माझी निराशाच केली. माझी पोटरी सगळ्यात जाड जागी ३१ सेंमी आहे. माझ्या ३८ नंबरात जे लाँग बूट मी घालून पाहिले, त्यांची नळी, म्हणजे पोटरीभोवतीचा भाग, घेराला ३६-३७ सेंमी भरली. मधल्या मोकळ्या जागेत हात सहज जायचा. थोडं चाललं की नळी खाली बसून घोट्यावर वळ्या पडायच्या. एक नंबर लहान घेऊनही पाहिला. नळी किंचित अरुंद मिळाली, पण बोटं आवळली गेली.

आधीच्या एका जोडीला वरच्या काठाला इलॅस्टिक लावून घेतलं होतं. तो पैसा वायाच गेला. काठ पायाला घट्ट बसला, संध्याकाळी त्याचा वळ उठायचा आणि खालची नळी होती तशीच ढगळ. बूट सैल वाटतो तो वर, पण खरा बिघडलेला असतो घोट्यापासून पोटरीपर्यंतच्या भागात. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आताची जोडी काळ्या मऊ चामड्याची आहे, आतल्या बाजूला चेन आणि मागे उभी शिवण. घेण्याआधी मी टेपने आणखी एक माप घेतलं, ते प्रत्येकीने घ्यावं असं मला मनापासून वाटतं. टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून टेप फिरवा. माझा हा घेर ३१ भरला, म्हणजे पोटरीइतकाच! बिनचेनचा, ओढून चढवायचा बूट असेल तर एवढी टाच त्या घोट्यातून आत गेली पाहिजे. म्हणजे तिथे तो माझ्या पायाला कधीच नीट बसणार नाही, आणि कोणी आत घेऊन दिला तर पाय आत जाणार नाही. आता चेन पार तळव्याजवळपर्यंत उघडत नसेल तर तो बूट मी बघतसुद्धा नाही.

नळी आत घेऊन अरुंद करायला बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "कशावर घालणार, ताई?" मी जीन्सवर म्हटलं. मग जीन्स घालूनच, उभं राहून माप घेतलं: ३२.५. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बसल्यावर पोटरी पसरते म्हणून काकांनी नळी ३४ वर ठेवली. म्हणजे मूळ ३६.५ मधून अडीच सेंमी कमी, शिवणीच्या दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा. खाली घोट्याकडे थोडंच घेतलं, त्यामुळे शिवणीची रेषा पायाच्या वळणाने गेली. मी याहून घट्ट मागत होते. ते म्हणाले, "मागून जास्त घेतलं की चेन मागे ओढली जाते. सरळ राहणार नाही." मी ऐकलं, आणि बरं झालं ऐकलं.

काम तसं मोठं होतं. मागची पट्टी आणि अस्तर उसवलं, जादा चामडं कापलं, नवी टीप मारून पट्टी परत बसवली. कापलेलं चामडं परत जोडता येत नाही, म्हणून खुणा केल्यावर क्लिपा लावून एकदा चालून, बसून, जिना चढून पाहा. ही पाच मिनिटं मागून घ्यायला लाजू नका.

पहिले दोन आठवडे मात्र त्रास झाला. उजव्या बुटात शिवणीच्या आत जाड कंगोरा राहिला होता, तो टाचेच्या वर घासून कातडी लाल व्हायची. परत नेल्यावर काकांनी कडा तासून पातळ केली, हातोडीने ठोकून सपाट केली. त्यानंतर कधीच टोचलं नाही.

आठ महिन्यांत, आठवड्यातून तीन-चार वेळा वापरून, नळी अर्धा सेंमी सैल झाली आहे. पातळ लेगिंग्जवर ते जाणवतं, जीन्सवर नाही. घोट्याला चामडं मुरलं तसे बूट सेंटिमीटरभर खाली बसले, त्यामुळे सुरुवातीला गुडघ्यामागे लागणारा काठ आता लागत नाही. नवीन घेताना उंची अगदी काटेकोर बेतू नका. चेनवर ताण येतो हे खरं. मी दोन्ही कडा हाताने जवळ धरून मगच ओढते, दातांवर अधूनमधून मेण फिरवते. अजून एकही दात निसटलेला नाही. ठेवताना नळीत मासिकांची गुंडाळी घालते, नाहीतर घोट्याला घडी पडते.

रबरी किंवा कृत्रिम चामड्याच्या बुटांना असं काही केलेलं नाही, त्यामुळे त्यांबद्दल सांगत नाही. आत घ्यायचंच नसेल तर मागे लेस असलेले किंवा ताणणाऱ्या कापडाचे बूट बारीक पायांना बरे बसतात, पण चामड्याची ती सरळ, नेटकी रेषा मला त्यात मिळाली नाही.

आता तपकिरी जोडी आणली आहे. या वेळी दुकानातच मागची पट्टी नखाने उचलून पाहिली. नुसती चिकटवलेली नाही, शिवलेली आहे. शनिवारी जीन्स घालून काकांकडे जाणार.