पद्मिनीचा स्टीअरिंग बुश-सील सेट: सील मस्त, ग्रोमेट मात्र वेगळा घ्या

पुण्याच्या नाना पेठेतून माझ्या प्रीमियर पद्मिनीसाठी स्टीअरिंगचा बुश आणि सीलचा सेट घेतला, पाकिटावर कंपनीचं नाव वगैरे काही नाही, हजाराच्या आत मिळाला, आणि एक अख्खा पावसाळा गाडी चालवून मग लिहितोय. ज्यांचा गियर अजून स्टीअरिंगलाच आहे त्यांना जास्त उपयोग होईल.

सेटमध्ये ड्रॉप आर्मच्या (स्टीअरिंग बॉक्समधून चाकांकडे हालचाल नेणारा दांडा) शाफ्टचं ऑइल सील, बॉक्सच्या झाकणाचं पॅकिंग, कॉलमच्या (स्टीअरिंगचा उभा दांडा) वरच्या टोकाचा बुश, गियरच्या रॉडचे नायलॉन बुश आणि कॉलम केबिनमध्ये शिरतो तिथला रबरी ग्रोमेट असं सगळं येतं.

सील खरंच चांगलं आहे. आत स्प्रिंग आहे, ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) मऊ आहे, बसवल्यापासून बॉक्सखाली तेलाचा थेंब नाही. पण दुकानदार "फियाटचंच आहे साहेब" म्हणाला तरी जुनं सील सोबत न्या आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी तिन्ही जुळवून घ्या. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी बसवताना जे केलं ते सगळ्यांनी करायला हवं, शाफ्टच्या दात्यांवर आधी सेलोटेप गुंडाळली म्हणजे ओठ चिरत नाही, ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे ठेवली आणि सीलच्याच मापाचा सॉकेट वर धरून हळूहळू ठोकलं. स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने ठोकणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवा, सील तिरकं बसलं की गळणारच. आणि शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडलेली असेल तर कितीही भारी सील आणा, ते टिकत नाही, त्यामुळे शाफ्टवर नख फिरवून आधी बघून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, बॉक्स गळतो म्हणून त्यात ग्रीस ठासू देऊ नका!! खूप ठिकाणी करतात. पद्मिनीचा बॉक्स वर्मवाला (स्क्रूसारख्या आट्यांचा गियर) आहे, ॲम्बॅसॅडरसारखा रॅक नाही, त्यात ९० नंबरचं गियर ऑइलच लागतं. ऑइल वाहत परत वर्मवर येतं, ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की तिथेच बसतं आणि वर्म कोरडा फिरत राहतो, मग प्ले (स्टीअरिंगची ढिलाई) वाढला म्हणून बॉक्सवरचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू आवळायचा, तोही चाकं वळलेली असताना!! वर्मची दात्यांवरची पकड मध्यभागी सगळ्यात टाईट असते, म्हणून स्क्रू चाकं सरळ ठेवूनच आवळायचा, नाहीतर वळणावर ठीक वाटतं आणि सरळ आलं की स्टीअरिंग जड होऊन अडकतं.

नायलॉन बुशने तर गाडी बदलली. गियर टाकताना जी दांडी हवेत ढवळल्यासारखी वाटायची ती आता नेमकी जागेवर जाते. रॉड परत जोडताना न्यूट्रलला ठेवून लांबी सेट करून घ्या. वरचा बुश ठीकठाक आहे, थोडा घट्ट होता, आता मोकळा झालाय.

ग्रोमेट मात्र बेकार. रबर कडक, पहिल्याच मोठ्या पावसात पायाशी पाणी आलं आणि थोड्या दिवसात ओठाला चीर गेली, शिवाय त्या फटीतून इंजिनचा वास आणि गरम हवा आत येते ती वेगळीच. दुसऱ्या दुकानातून जाड आणि मऊ घेतला. तो बसवताना साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको, साधं रबर तेलाने फुगतं. आणि ग्रोमेट कॉलम जागेवर चढवायच्या आधी ओवून घ्या, नंतर लक्षात आलं तर स्टीअरिंगचा नट, पुलर, हॉर्नची वायर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हो, बॅटरीची वायर काढूनच कामाला लागा आणि स्टीअरिंग, ड्रॉप आर्म दोन्हीकडे आधी खूण करून ठेवा, मग चाक सरळ आणि स्टीअरिंग वाकडं असं होत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यातलं पद्मिनीचं प्रोडक्शन थांबून वीस वर्षांच्या वर झाली, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीपण २०२३ ला बंद झाल्या, आणि या पार्टचं मोठं गिऱ्हाईक तेच होते. म्हणून चांगला माल दिसला की सीलचा एक जास्तीचा पीस घेऊन ठेवा, पण वर्षानुवर्षं दुकानात पडलेला नको, ओठ बोटाने दाबून बघा, कडक लागला किंवा बारीक भेगा दिसल्या तर परत द्या. माझ्या दुकानदाराने न कुरकुरता बदलून दिला, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.