'फिल्टर बदललाय ना, सेटिंग लागणारच'

काकांची यामाहा आरएक्स १०० गेल्या वर्षी माझ्याकडे आली. १९८८ची गाडी. गुडघ्यांमुळे किक मारवेना, तेव्हा कुठे काकांनी चावी सोडली, तीही महिनाभर विचार करून. ही गाडी १९९६ साली बनायची बंद झाली. त्यामुळे तिच्या मूळ पार्टना आज काय भाव येतो हे मी ऐकून होतो. गॅरेजवाल्यालाही ते माहीत असणार, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

आम्ही डिचोलीचे. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ आमच्या भाकरीवरसुद्धा बसते, हवेच्या फिल्टरचं काय घेऊन बसलात! जुना फिल्टर उघडला तर हातातच विरला. एका मित्राने म्हापशाकडचं एक गॅरेज सुचवलं. तिथे भिंतीवर ओळीने लाल शंकूसारखे फिल्टर लटकत होते. 'भाऊ, हा टाका. हवा डबल, पिकअप डबल.' वर त्याने हेही सांगितलं की नुसता फिल्टर टाकून चालणार नाही. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, म्हणजे मोठा मेन जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, हवा आणि वर ट्यूनिंग.

हे खरं होतं, आणि मी फसलो तो याच खऱ्या बोलण्यामुळे. मी आधी थोडं वाचलं होतं. मूळ एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरची बंद पेटी, काढून उघडा फिल्टर लावला की हवा जास्त, पेट्रोल कमी असं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम व्हायची भीती असते. हा माणूस तेच बोलत होता. म्हटलं, जाणकार आहे.

फिल्टरचे १८००, जेटचे ६००, ट्यूनिंगचे ५००. रोख दिले तर बिलाची कटकट नको म्हणाला, मलाही बरं वाटलं. गाडी दोन दिवस तिथेच ठेवली. एअर बॉक्सचं विचारलं तर म्हणे, 'तो आता तुमच्या काय कामाचा? उगाच जागा अडवेल.' 'ठेवा मग,' असं मी माझ्या तोंडाने म्हणालो.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा स्टँडवर अशी सुरेख वाजत होती की विचारू नका. अर्धी वाट ओलांडेपर्यंत मात्र जोरात रेस दिली की ती दम तोडायला लागली. परत गेलो. 'फिल्टर बदललाय ना भाऊ, सेटिंग लागणारच.' स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाच मिनिटं इकडेतिकडे केलं, ३०० रुपये. असं चार वेळा झालं. दर वेळी स्टँडवर ठीक, रस्त्यावर रडगाणं.

त्यातली मेख मला फार उशिरा कळली. तो फिरवत होता तो कार्बोरेटरचा एअर स्क्रू. त्याचा प्रभाव गाडी आयडलिंगला असताना आणि ॲक्सिलरेटर जेमतेम उघडलेला असताना, तेवढाच. मधल्या टप्प्यात कार्बोरेटरमधली सुई काम करते, आणि मेन जेटची खरी कामगिरी मूठ जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर मेन जेटची परीक्षा होतच नाही. म्हणजे जेट बदललाच नाही, तरी स्क्रू फिरवून आवाज गोड करून देता येतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

ऑक्टोबरात बेळगावला निघालो. साखळी, केरी, अंजुणे धरण मागे टाकून चोर्ला घाट चढायला लागलो. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळलेली, आणि अचानक पिस्टन जाम होऊन मागचं चाक धरलं. क्लच हाताखाली होता म्हणून वाचलो. मागे कदंबा बस होती, एवढंच सांगतो. वीस मिनिटांनी इंजिन गार झाल्यावर किक हलली. तसाच न्यूट्रलमध्ये उतरत केरीला आलो आणि तिथून गाडी टेम्पोत घालून घरी.

डिचोलीच्या स्टँडवर एक जुने पायलट आहेत, आम्ही मामा म्हणतो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे विमानवाला नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारा. मामांचं अर्धं आयुष्य अशाच गाड्यांवर गेलं आहे. त्यांनी आधी स्पार्क प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा. 'प्लग भाजक्या काजूच्या रंगाचा पाहिजे रे पोरा.' मग गाडी सुरू करून मूठ पिळली आणि चोक थोडा ओढला, तर अडखळणारी गाडी सुधारली. चोक ओढून सुधारते याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरच्या तोंडात त्यांनी बोट फिरवलं, बोटाला तांबडी माती. लाल फिल्टर रंगवलेल्या जाळीशिवाय काही नव्हता, डिचोलीची धूळ सरळ इंजिनात जात होती.

मग त्यांनी कार्बोरेटरची खालची वाटी उघडली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

'हो तुजो कार्बोरेटर न्हय रे.'

या गाडीचा मूळ कार्बोरेटर मिकुनी कंपनीचा. मिकुनीच्या मूळ जेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि साइजचा आकडा असतो. माझ्या जेटवर ना खूण, ना आकडा. बॉडीचं ओतकाम खरबरीत, चोकची खिटी सैल. काकांचा कार्बोरेटर कधीच गेला होता, त्याच्या जागी बाजारातली नक्कल. मोठा जेट वगैरे सगळं बोलण्यातलं. आणि गाडी नीट चालत नाही म्हटलं की दोष फिल्टरचा, सेटिंगचा. चोरीला यापेक्षा चांगलं पांघरूण कुठून मिळणार?

मामांना घेऊन गॅरेजवर गेलो. तो शांत होता. 'गाडी आली तेव्हा हाच होता. फोटो आहे का तुमच्याकडे?' नव्हता. बिल नव्हतं. एअर बॉक्स 'भंगारात गेला'. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर पुरावा म्हणून माझ्याकडे काय, त्याचं व्हिजिटिंग कार्ड! परतीच्या वाटेवर मामा एवढंच म्हणाले की गाडी उघडताना त्यांच्या शेजारी कुणी स्टूल घेऊन बसलं की त्यांना राग येत नाही, ज्याला येतो त्याच्याकडे गाडी द्यायची नाही.

जुनी गाडी असेल तर ती गॅरेजमध्ये रात्रभर ठेवू नका. ठेवावीच लागली तर आधी कार्बोरेटर, एअर बॉक्स, मॅग्नेटचं कव्हर यांचे जवळून फोटो काढा, शक्यतो त्याच्यासमोरच. जेट बदलला म्हणाला तर जुना हातात मागा आणि दोन्हींवरचे आकडे वाचा. सेटिंगची परीक्षा स्टँडवर नको, चढावर करा, आणि मग प्लग काढून बघा. कुणी मूळ एअर बॉक्स निरुपयोगी म्हणाला तर तो पिशवीत घालून घरी आणा, माळ्यावर पडू दे. आणि आपल्या पावसात उघडा फिल्टर पाणी ओढतो, हे तर मला कुणी सांगायलाही नको होतं, जूनमध्ये दोनदा ढकलत आणली होती गाडी.

सिलिंडर ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइझ बोअर करून, म्हणजे आतून तेवढा मोठा करून, नवा पिस्टन घातला. बेळगावच्या एका जुन्या पार्टवाल्याकडून वापरलेला मिकुनी आणि एअर बॉक्स मिळाला. या सगळ्याचे पैसे म्हापशाला दिलेल्या ४१०० च्या तिप्पट झाले. मामांनी सुईची क्लिप एक खाच वरखाली करून दोन संध्याकाळी घालवल्या. पैसे घेतले नाहीत, फेणीही नको म्हणाले.

काकांना यातलं काही सांगितलेलं नाही. परवा रविवारी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मी गाडी सुरू केली. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

'आवाज वेगळा येतो रे.'

'फिल्टर बदललाय ना काका,' मी म्हणालो. 'सेटिंग लागणार थोडं.'