आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणून माझ्या गळ्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर मारले

लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाचे पैसे बुडू नयेत. सिंगल-एंडेड (म्हणजे पूर्ण सिग्नल एकाच बाजूने हाताळणाऱ्या) व्हॉल्व्ह अँप्लिफायरसाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची जोडी मागवली: व्हॉल्व्हकडे ५००० ओहम, स्पीकरकडे ८. दीड महिन्याचा अख्खा पगार आगाऊ भरला. "हाताने गुंडाळलेली, शेवटची जोडी" वगैरे नेहमीचंच.

मी काही डोळे झाकून घेतले नाहीत. आल्या आल्या मोजले. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणजे वेढ्यांचं गुणोत्तर तेवढं हवं. प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीला) १० व्होल्ट एसी दिलं, सेकंडरीला (स्पीकरकडच्या) ०.३९ आलं. आता सांगा, कुणाला शंका आली असती?

जोडले, आणि खर्जच गायब. तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा. तीन रात्री मी स्वतःचंच सर्किट तपासत बसलो. चौथ्या दिवशी स्टिकर नखाने सोलला. खाली अर्धवट खरवडलेले आकडे: २३०, ९. म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे ९ करणारा साधा पॉवर ट्रान्सफॉर्मर. भागून बघा, साडेपंचवीस! गुणोत्तर जुळावं म्हणूनच नेमका हा निवडला होता हरामखोराने.

फक्त गुणोत्तर मोजून थांबू नका. सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून व्हॉल्व्हचा डीसी सतत वाहतो, माझ्याकडे ४० मिलिअँपिअर. कोरमध्ये (लोखंडी गाभ्यात) फट नसेल तर तो सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही; मग इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवायची गुंडाळीची ताकद) कोसळतो आणि खर्ज जातो.

आणि हे फोटोत दिसत होतं! फट ठेवलेल्या कोरमध्ये सगळ्या 'ई' पट्ट्या एका बाजूला, 'आय' दुसऱ्या, मध्ये कागद. कडेला सांध्याची एकच सरळ रेघ. फोटोतले सांधे आलटून-पालटून होते, विटांच्या भिंतीसारखे. तो फोटो मी वीसदा तरी पाहिला असेल. मला हे माहीत होतं. तरी सुटलं, हेच जिव्हारी लागतं.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. विक्रीच्या साइटवाल्यांनी चार वेळा तेच फोटो मागवले आणि तक्रार बंद केली. पोलिसांकडे दोन तास बसलो, तर साहेब म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर मागवला, ट्रान्सफॉर्मर आला. मग फसवणूक कुठे?" इंडक्टन्स समजवायला लागलो, तर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मग जायचं कुणाकडे?

किती मिलिअँपिअर डीसी चालेल आणि प्रायमरीचा इंडक्टन्स किती, हे लेखी मागा. विकणारा टाळाटाळ करतोय? तिथेच थांबा. मल्टिमीटरवर ८ ओहम दाखवतो म्हणणाऱ्याला तर उभंच करू नका. मल्टिमीटर तारेचा रोध दाखवतो, इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध) नाही.

तोच फोटो लावून तो अजून जोड्या विकतोय, आणि प्रत्येक जोडी "शेवटची".