रेडियमची पट्टी: जळगावातल्या एका दुकानाविषयी

अजिंठा चौफुलीवरून भुसावळकडे निघालं की गॅरेजांच्या ओळीत एक लहानसं दुकान आहे. पाटीवर नुसतं 'रेडियम' एवढंच लिहिलंय. नंबरप्लेटा, टाकीवरची नावं, ट्रकच्या मागे 'आईचा आशीर्वाद', असली कामं तिथं दिवसभर चालतात. मी पुतण्याची ट्रॅक्टरची ट्रॉली, माझी सायकल आणि नातीचं दप्तर घेऊन गेलो होतो. तिन्हींना रात्री चमकणारी पट्टी लावून घेतली. काम चोख झालं, म्हणून चार लोकांना कळावं यासाठी लिहितोय.

मी एसटीत चालक होतो. जळगाव-धुळे रात्रीची गाडी बरीच वर्षं केली. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, सगळा रस्ता पाठ. दिवाळीच्या आगेमागे कापूस जिनिंगला निघाला की भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. माल दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. त्यात समोरच्या ट्रकनं अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, तसाच ठेवला की डोळ्यांपुढे पांढरं होतं आणि पुढची ट्रॉली त्या उजेडात गडप होते. ताशी 60 च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसणं, डोक्यात शिरणं, पाय ब्रेकवर जाणं, एवढ्यातच एक-दीड सेकंद संपतो. गाडी थांबायला लागणारं अंतर त्यानंतर सुरू होतं. तीच ट्रॉली पट्टीवाली असेल तर पाव किलोमीटरवरून लाल रेघ दिसते, आणि चालक निवांत वेग कमी करतो.

हाच महामार्ग, पूर्वीचा 6 नंबर आणि आताचा 53, जळगाव शहराच्या पोटातून जातो. 2003 साली जळगावची महानगरपालिका झाली. वस्ती महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे. शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. केळीचे ट्रक, विद्यापीठाकडे जाणारी पोरं, भाजीवाल्यांच्या लोटगाड्या आणि पायी चालणारी म्हातारी माणसं, सगळी एकाच डांबरावर. म्हणून ही पट्टी आता नुसती शेतकऱ्याची गोष्ट राहिलेली नाही.

दुकानात दोन रोल होते. एक झगमगीत, फुटाला 12 रुपये. दुसरा दिसायला साधा, फुटाला 30. मी झगमगीत रोलाला हात लावला तसा काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "बाबा, हाई नको. हाई फक्त दिवसा चमकस." त्यानं शटर अर्धं ओढलं, दोन्ही तुकडे आतल्या भिंतीला टेकवले आणि बॅटरी माझ्या हातात दिली. कपाळाशी धरा म्हणाला. झगमगीत तुकडा काळाच राहिला, साधा तुकडा मात्र पेटल्यासारखा लाल झाला.

यामागचं कारण सरळ आहे. चकचकीत कागद आरशासारखं काम करतो, तिरका आलेला उजेड तिरकाच पलीकडे टाकतो. खऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी नाहीतर प्रिझमचे कोन बसवलेले असतात. उजेड जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. हेडलाइटच्या मागे चालकाचे डोळे असतात, म्हणून त्याला ती पेटलेली दिसते. बॅटरी कमरेशी धरून बघितली तर फरक नीट कळत नाही. ती कपाळाशीच धरायची. अस्सल पट्टीवर जवळून बघितलं तर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, आणि वाहनांसाठीच्या पट्टीवर ठरावीक अंतरानं 'एआयएस 090' हा वाहनांच्या मानकाचा क्रमांक छापलेला असतो. घेताना ते बघाच.

रंगांच्या बाबतीत पोरगा अडून बसला. पुतण्याला सगळीकडे लाल पाहिजे होतं. पोरानं ऐकलं नाही: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. मालवाहू गाड्यांसाठी नियमही हाच आहे आणि तो बरोबर आहे. अंधारात नुसता रंग बघून चालकाला कळलं पाहिजे, की समोरचं वाहन येतंय, जातंय की आडवं उभं आहे. गिऱ्हाईक मागेल ते चिकटवून पैसे घेणं सोपं होतं. त्यानं तसं केलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

चिकटवायचं कामही बघण्यासारखं. ट्रॉलीच्या फाळक्याचा, म्हणजे कडेच्या पत्र्याचा, गंज पॉलिश पेपरनं घासला, थिनरचा बोळा फिरवला, पत्रा पूर्ण सुकू दिला. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यात धूळ शिरते आणि पट्टी तिथूनच उचलायला लागते. रिव्हेट आला तिथे पट्टी कापून दोन्ही बाजूंनी वेगळी बसवली. एका पावसाळ्यानंतरही सगळं जागच्या जागी आहे. सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल तुकडा, पायडलांना पिवळा. पायडल वरखाली होतं, त्यामुळे सायकल आहे हे लांबून ओळखू येतं. ही युक्ती त्याचीच.

उणीवही सांगतो. अंगात घालायची रेडियमची जाकिटं त्याच्याकडे एकाच मापाची आहेत, आणि एका धुण्यात त्यावरची पट्टी सुरकुतली. ती घेऊ नका. झगमगीत रोल त्यानं विकायलाच ठेवू नये असं माझं मत आहे. मी तसं बोललो. लोक मागतात म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो शटर ओढून दाखवेलच असं नाही.

पण दुकान कितीही चांगलं असलं तरी पट्टीचं काम वाहनापुरतं आहे. दूध आणायला निघालेल्या आजीबाईनं रेडियम लावून फिरावं असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. ती जिथं रस्ता ओलांडते तिथं उजेड करणं हे शहराचं काम. दुभाजक जिथं तुटतो तिथे दिवा आणि दुभाजकाच्या तोंडाला रिफ्लेक्टर पाहिजे. खोदकामाभोवती दगड आणि झाडाची फांदी ठेवून भागत नाही, तिथेही हीच 30 रुपये फुटाची पट्टी बॅरिकेडला लावता येते.

गतिरोधकाचंही तेच. इंडियन रोड काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापानं तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर असतो. ताशी 25 च्या वेगानं गाडी त्यावरून अलगद जाते. कॉलनीत रातोरात टाकलेला डांबराचा आखूड उंचवटा त्यात बसत नाही. त्यावर पांढरे पट्टे नसतात आणि आधी फलकही नसतो. दुचाकीवर मागे बसलेली बाई तिथेच उडते. माझ्या बसमधल्या मागच्या सीटवरच्या माणसांचे हाल मी आरशात बघितलेत. वेग कमी झालाच पाहिजे, शाळेपुढे तर नक्कीच, पण गतिरोधक मापातला आणि रंगवलेला हवा. पावसानंतर रंग पुसला जातो, म्हणून तो दरवर्षी द्यायला लागतो. त्यासाठी पुढाऱ्याच्या नारळाची वाट बघायचं कारण नाही.

कोणाला जायचं असेल तर सकाळी गर्दी व्हायच्या आत जा. ट्रॉली घरूनच धुऊन, सुकवून न्या, ओल्या पत्र्यावर तो पट्टी लावत नाही. जुनी पट्टी निघालेली असेल तर तिच्यावरच नवी चिकटवायला सांगू नका, खरवडून काढायला अर्धा तास जास्त लागतो तो लागू द्या. आणि बॅटरी स्वतःची न्या.