उबंटूच्या बीटाची तपासणी: खानापुरातून अभिप्राय
खानापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. उबंटू म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. एप्रिल-ऑक्टोबरला तिची नवी आवृत्ती यायच्या आधी बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, तपासायला घेतो. गिऱ्हाइकाच्या नाही, दुकानातल्याच जुन्या लॅपटॉपवर. आयएसओ (अख्ख्या सिस्टिमची एक फाइल) उतरवायची, ती धड उतरली का ते बघायला चेकसम, म्हणजे फाइलचा पडताळ्याचा आकडा, जुळवायचा, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करायचं आणि ट्रॅकरवर, म्हणजे उबंटूच्या चाचण्यांच्या वेबसाइटवर, पास की फेल ते नोंदवायचं. फेल असेल तर लाँचपॅड या दोष नोंदवायच्या वेबसाइटवर बग टाका, नुसतं ‘होत नाही’ म्हणून भागत नाही.

सगळ्यात आवडलं ते झेडसिंक, फाइल उतरवायचं साधन. रोज नवी आयएसओ निघाली तरी बदललेला भागच उतरतो. आमच्याकडं पावसाळ्यात नेट कसं असतं ते सांगायला नको!

माझा वेळ जातो कीबोर्डावर. इथं एकाच मशीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं, म्हणून इनस्क्रिप्ट आणि कगप हे दोन कीबोर्ड लेआउट आलटूनपालटून लावून जोडाक्षरं बघतो. उबंटू काढणारी कंपनी लंडनची; हे तिथं बसून कोण बघणार?

ट्रॅकर मात्र जुनाट, नवख्याला वाटच सापडत नाही. तरी २०२४ च्या एप्रिलमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करायच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी घुसवलेल्या चोरवाटेमुळं (बॅकडोअर) कंपनीनं बीटा आठवडाभर पुढं ढकलला, पॅकेजं (प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे) पुन्हा बांधली, ते पटलं.

पैसे मिळत नाहीत. जादा मशीन असेल तरच नादाला लागा.