पोटमाळ्यावरचा टर्बो व्हेंटिलेटर : नऊ महिने वापरल्यावर

सांगलीच्या गावभागातलं आमचं घर जुनं, कौलारू. 2019 च्या महापुरानंतर कौलं उतरवून पत्रा घातला. कौलांच्या फटींतून आणि सवण्यातून घर श्वास घेत होतं, हे पत्रा आल्यावर कळलं. चैत्रात पोटमाळ्यावर पाय ठेववेना. आणि आमच्याकडे माळा म्हणजे नुसती अडगळ नव्हे. कृष्णेला पाणी चढायला लागलं की गाद्या, धान्य, कागदपत्रं सगळं वर.

फेब्रुवारीत 24 इंची, अ‍ॅल्युमिनियमचा टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे आतली गरम हवा बाहेर काढणारा फिरता घुमट, छपरावर आढ्याजवळ बसवला. वीज लागत नाही. वाऱ्यावर फिरतो, वारा पडला तरी वर चढणारी गरम हवा त्याला थोडंफार फिरवते. पण एप्रिलमध्ये एका दुपारी बाहेर 39 अंश आणि माळ्यावर 49! डोक्यावर हा आपला गरगर फिरतोय. "भोवरा आणलास होय रे," अण्णा म्हणाले.

मग जिन्याच्या तोंडाशी उदबत्ती धरली. माळ्याचं दार उघडं असलं की धूर सरळ वर ओढला जायचा, दार लावलं की आत नुसता तरंगत राहायचा. म्हणजे हवा बाहेर जायला वाट होती, आत यायला नव्हती. 24 इंची तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 3 चौरस फूट, तेवढी तरी वाट खाली हवीच, शिवाय जाळी थोडी जागा खाते. म्हणून वळचणीखाली दोन्ही बाजूंना एकेक फुटाचे दोन-दोन झरोके पाडले. पुढच्या आठवड्यात तशाच उन्हात 43. ही भोकं बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती.

झरोक्यांना आधी मच्छरजाळी लावली होती. दोन महिन्यांत धुळीने गच्च. आता अर्ध्या इंचाची जाळी आहे, पारवे शिरत नाहीत आणि ब्रशने साफ होते.

जुलैत गळलं. थेट आजीच्या ट्रंकेवर, टप टप. खालची प्लेट पत्र्याच्या वर ठेवून नुसतं सिलिकॉन फासलं होतं. प्लेटची वरची कड आढ्याच्या टोपणाखाली सरकवायची असते, म्हणजे पाणी तिच्यावरून वाहून जातं. ते नीट करून घेतल्यावर थेंब नाही. झडीच्या दिवसांत बाहेरचीच हवा ओली, तेव्हा याच्याकडून गाद्या सुकतील अशी आशा धरू नका. पण दरवर्षी श्रावणात येणारा बुरशीचा कुबट वास यंदा आला नाही.

माळ्याखालच्या खोलीत रात्री अजून उकडतंच. तापलेल्या पत्र्याची धग खाली उतरते, ती हवा खेळवून जात नाही. त्यासाठी येत्या फेब्रुवारीत पत्र्याला पांढरा रंग देणार आहे.

दिवाळीपासून बेअरिंग कुरकुरायला लागलंय. रात्री वारा सुटला की अण्णा झोपेतच म्हणतात, "भोवऱ्याला तेल घाला." बसवणारा फोन उचलत नाही.