कानबाईचं दळण: पाचपैकी चार, एका न मानणाऱ्याकडून

चक्कीचं नाव देत नाही, कारण तिला नावच उरलेलं नाही. पाटी होती, ती माझ्या शाळेच्या दिवसांतच पीठ आणि पाऊस खाऊन कोरी झाली. अमळनेरात आमच्या भागात नुसतं 'चक्की' म्हटलं की हीच. एक मोठं चाक गव्हाला, एक ज्वारी-बाजरीला, तिसरं मिरची-हळदीचं डंख, तेही भिंतीपलीकडे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. वय साठीच्या पुढे, भुवया कायम पांढऱ्या. ते पिठामुळे की वयामुळे, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी लिहितोय ते रोजच्या दळणाबद्दल नाही. रोजच्या दळणाला मी तीनच तारे देईन, त्याचं कारण पुढे येईल. हे कानबाईच्या दळणाबद्दल आहे.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात. श्रावणात नागपंचमीनंतरचा जो पहिला रविवार, त्या दिवशी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, दागिने घालून देवी मांडतात. भाऊबंद जिथे असतील तिथून गावी येतात, पुणे-सुरतहून येणाऱ्या गाड्या भरून येतात. रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आणि मुख्य म्हणजे रोट, देवीचा गव्हाच्या पिठाचा नैवेद्य. रोटाचा गहू मोजायचा तो किलोने नाही, घरातल्या पुरुषांच्या संख्येने. आमच्यात माणशी सव्वा मूठ. घराघराची रीत वेगळी असते, त्यामुळे आमच्यात असं नाही, तसं आहे, हे सांगायला कृपया येऊ नये.

हा गहू दळताना चक्की आधी धुऊन-पुसून घेतलेली असावी लागते. आधीच्या कोणाचं पीठ, विशेषतः बाजरीचं, त्यात यायला नको. ही सेवा गावातल्या मोजक्या चक्क्या देतात. आमची त्यातली एक.

आता माझं. मी देव मानत नाही. विशीतच सुटलं ते. ज्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्या गावात हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही, असं मी तेव्हा नानांना, म्हणजे वडिलांना, सुनावलं होतं. नाना म्हणाले होते, "मंदिरच ना ते बी?" आणि जेवायला बसले होते. पुढे २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हाही श्रावणच होता. नानांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. त्यांचं मत मला माहीत होतं, माझं त्यांना. त्या दिवशी कोणीच कोणाला काही म्हणालं नाही.

पण त्यानंतरच्या वर्षी मी म्हणालो. "नाना, यापुढे माझी मूठ धरू नका. मी मानत नाही, तर माझ्या नावाचे गहू कशाला?" ते म्हणाले, "बरं." इतकंच. दळण दरवर्षी तेच न्यायचे, सायकलला पिशवी लावून. त्यामुळे मला त्या कामाचं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

नाना दोन वर्षांपूर्वी गेले. मागच्या वर्षी दुखवटा होता, कानबाई बसली नाही. यंदा बसणार, आणि घरात मोठा मी.

शुक्रवारी संध्याकाळी माय पाटावर गहू घेऊन बसली. मूठ घरच्या कर्त्याची लागते. म्हणजे माझी. तिने नावं घेत बोटं मोजली. तिसरं नाव माझं आलं. मी म्हटलं, मला कशाला? ती चौथ्या नावावर गेली होती. अकरा झाले. मुलीने वहीवर हिशोब केला, अकरा गुणिले सव्वा, पावणेचौदा मुठी. (तिची स्वतःची मूठ यात नाही, हे तिच्या लक्षात आलं, पण ते भांडण आम्ही पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलंय.) पाव मूठ कशी मोजायची यावर दहा मिनिटं गेली. शेवटी चार बोटांतलं एक बोट भरेल इतके, असा तोडगा निघाला. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. ८२८ ग्रॅम. माय म्हणाली, "नानास्ना हातनं यान्हातून जास्ती ये." नानांचा हात मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवलेला. माझा हात कीबोर्डवरचा. पावणेचौदा मुठी त्याच, गहू कमी.

शनिवारी सकाळी साडेसातला पोचलो, तर पुढे चौदा पिशव्या. पिशव्या माणसांच्या नावाने नाही, घराच्या नावाने ओळखल्या जातात. ओट्यावर चपला काढायला लावतात. मग अण्णा एकेकाला विचारतात.

"न्हायेल शेतस ना, भाऊ?"

"आंघोळ झालीय. पण अण्णा, तुम्हाला माहीत आहे, मी काही मानत नाही."

"मानानं काय चाकमा टाकनं शे? गहू दखाडा. आनि पट्टा काढा."

मी मोटरीच्या पट्ट्याकडे पाहिलं. मला वाटलं तो सरकलाय. ते माझ्या कमरेच्या चामडी पट्ट्याबद्दल बोलत होते. मी काढला, आणि काढता काढता विचारलं, तुमच्या मोटरीचा पट्टा कशाचा? "रबरना," अण्णा म्हणाले, आणि रांगेतल्या बायका हसल्या. या देवाणघेवाणीत मी हरलो, हे नोंदवतो. पुढचा अर्धा तास एका हाताने पँट धरून उभा होतो.

आता सेवा. इथे मला खरंच कौतुक करायचंय. गव्हाचं चाक अण्णांनी पंधरा दिवस आधीच टाकी मारून, म्हणजे छिन्नीने दगड खरबरीत करून, घेतलं होतं. चाकाला टाकी मारली की सुरुवातीच्या पिठात कच येते, दाताखाली करकरतं, म्हणून सणाच्या तोंडावर चाकाला हात लावत नाहीत. शुक्रवारी रात्री चक्की बंद करून वरचं झाकण काढलं, चाकं सुटी केली, आतलं जुनं पीठ कुंच्याने काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि रात्रभर उघडं ठेवून सुकवलं. पिठाची कापडी पिशवी, जी एरवी वर्षभर तीच असते आणि तिच्याकडे मी बघत नाही, ती नवी कोरी. सकाळी आधी दोन मुठी गहू दळून ते पीठ गायीला काढून ठेवलं, मग पहिलं घर.

आणि नंतर जे पाहिलं ते मला अपेक्षित नव्हतं. प्रत्येक घराच्या दळणानंतर ते चक्की थांबवतात, कडेचं पीठ कुंच्याने तुमच्याच डब्यात झाडून देतात, मगच पुढचं. एका घराचं पीठ दुसऱ्या घराच्या रोटात जाऊ द्यायचं नाही, कारण रोट भाऊबंदांबाहेर जात नाही. चौदा घरं, चौदा वेळा. मोठ्या चाकाला पाऊण किलो गहू म्हणजे दाढेत अडकलेला तीळ, निम्मं पीठ आतच राहायचं. घरी येऊन मोजलं. ८२८ ग्रॅम दिले, ७९० परत आले. दळलेलंही एकसारखं, रोटाला हवं तसं, जरा जाडसर. त्यावर एक शब्द बोलायला जागा नाही.

मग माझं खरं म्हणणं. ही चक्की अशी धुता येते, पुसता येते, एकाचं पीठ दुसऱ्यात मिसळणार नाही अशी चालवता येते, हे अण्णांना येतं. मग वर्षातून एकदाच का? उरलेल्या दिवशी माझ्या गव्हात शेजारच्यांचे हरभरे निघतात. आमच्या एका नातलगाच्या मुलाला डाळीच्या पिठाने अंगावर गांध्या उठतात, तो या चक्कीचं पीठ खात नाही. देवीसाठी जी स्वच्छता, ती गिऱ्हाईकासाठी महिन्यातून एकदा तरी करा, असं मी अण्णांना तिथेच म्हटलं. ते म्हणाले, "तुम्हीन आते पयलं सांगं. देवीनी कधीच सांगं नही, तिना लोके सांगतस." रागावले की मान्य केलं, ते त्यांच्या भुवयांमुळे कळत नाही.

एक तारा मी कापला तो दुसऱ्या कारणासाठी. शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत दोन्ही चाकं कानबाईला राखीव. बाजरीचं चाक चालू केलं तर पीठ उडून इकडे येतं, हे खरं आहे. पण एक बाई तीन किलो बाजरी घेऊन आली होती, नवीन भाडेकरू, मजुरीला जाणारी, आणि तिला काहीच माहीत नव्हतं. "संध्याकायले ये" सांगून परत पाठवली. संध्याकाळी ती कामावरून कधी येणार आणि भाकरी कधी होणार? दारावर खडूने आदल्या आठवड्यात एक ओळ लिहायला काय जातं? आमच्या गल्लीतल्या चाचींना विचारलं, तर त्यांनी गुरुवारीच दळून ठेवलेलं. "तुमची कानबाई असली की चक्की आमच्यासाठी बंद, तीस वर्षं झाली," म्हणाल्या. ज्यांच्या घरी कानबाई नाही त्यांना तिची तारीख आमच्यापेक्षा पक्की माहीत असते. नवीन माणसाला कोण सांगणार? मी त्या बाईची पिशवी मागून घेतली आणि स्टेशनकडच्या दुसऱ्या चक्कीत टाकून आलो, पण तोवर माझा नंबर गेला आणि मी परत शेवटी.

म्हणून मी शेवटचा. आणि म्हणून अण्णांना बोलायला वेळ होता. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, घराचं नाव आणि पुढे आकडा, कोणाचं किती येणार याचा अंदाज बांधायला. वरच्या फळीवर जुन्या वह्याही आहेत, पिठात लपेटलेल्या. त्यांनी आमचं पान काढलं.

"बारा?"

"अकरा," मी म्हटलं. "नाना नाहीत ना."

"हां." त्यांनी बारावर रेघ मारली, बाजूला अकरा लिहिलं. मी पान माझ्याकडे वळवलं. दोन वर्षांपूर्वी बारा. त्याआधी बारा. माझ्या म्हणण्यावर नाना "बरं" म्हणाले होते त्या वर्षीची वही मी मागितली, अण्णांनी कुरकुरत शोधून दिली. बारा. दोघा चुलत्यांची घरं, आम्ही, पोरं, सगळे मोजले. मला वगळलं तर अकराच होतात.

राग आला की काय, ते अजून ठरलेलं नाही. माझं नाव काढा असं मी सांगितलं होतं ना, मग न विचारता परत घातलं कसं? हा प्रश्न ज्यांना विचारायचा ते नाहीत. अण्णा म्हणाले, "अकरा मा तुम्हीन धरेल शेतस ना?" मी म्हटलं, धरलेलं आहे.

रविवारचं थोडक्यात. आरतीला मी उभा राहतो, टाळ्या वाजवतो, हात जोडत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. यंदा आरती करायची पाळी माझी होती. मोठे काका, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते म्हणाले, "हात जोडाना का नही ते तुन्हं तू दख. ताट ते धर." ताट धरायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे जोडायचा प्रश्न आपोआप मिटला. गाण्यांना मात्र मी पहाटे तीनपर्यंत बसलो. अहिराणीत चिडवाचिडवीची जी गाणी आहेत त्यांना श्रद्धा लागत नाही.

भांडण झालं ते रोटावरून. आमच्यात लग्न झालेल्या लेकीला रोट देत नाहीत, ती दुसऱ्या कुळाची झाली म्हणून. रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, आणि ताई शिरपूरहून राखी बांधायला येते तेव्हा डब्यात एखाद-दुसरा उरलेला असतोच. मी तिच्या ताटात अर्धा ठेवला. मायने उचलला, खीर वाढली. मी आवाज चढवला. तर ताईच मला म्हणाली, "तू मानत नाहीस ना? मग तुला कशाला राग?" न मानणाऱ्याने नियमावर बोलू नये असं कुठे लिहिलंय, हे मी तिला विचारलं. तिने खीर मागून घेतली. मी उरलेला रोट खाल्ला नाही, तो आबांनी खाल्ला.

दर: कानबाईच्या दळणाला सरसकट ५१ रुपये, गहू पाऊण किलो असो की दोन. ऑनलाइन पैसे त्या दिवशी घेत नाहीत, कारण विचारलं तर "मोबाईलले पीठना हात कोन लाई?" हे पटलं.

पुढच्या वर्षी जाणार असाल तर साडेसात म्हणजे उशीर, साडेसहाला ओट्यावर हवं. सुटे न्या. पिशवीला घराचं नाव शिवलेलं असेल तर बरं, पेनाने लिहिलेलं पुसतं. आणि नाडीची पँट घाला.